गुळव्याचं नाक

गुऱ्हाळावर अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी घाबरलोच. माझी शाळा तिसरीत सुटली. त्यापुढचं वाचन झालं ते दुकानांच्या पाट्यांवर. जोडाक्षर दिसलं की अजून मी एकदा चष्मा पुसून घेतो. नको म्हणणार होतो, पण सूनबाई म्हणाली, "मामा, तुम्ही बोलता तसंच लिहा. चुका मी बघते." तेव्हा यात काही बरं सापडलं तर ते तिचं समजा.

जन्मभर गुळव्याचं काम केलं. गुळव्या म्हणजे उसाचा रस आटवून त्याचा गूळ करणारा. लोक विचारतात, गुळाचं मर्म कशात असतं? उसात, पाण्यात, का चुन्यात? मी सांगतो, नाकात. लोक हसतात. मी हसत नाही, कारण एका गुळव्याचं नाक गेलेलं मी बघितलं आहे आणि ते परत आणताना काय काय झालं तेही बघितलं आहे. ते नाक माझ्या तात्यांचं. तात्या म्हणजे सखाराम गुळवे. माझे वडील नव्हेत, पण या मुलखात मला वडील कोण, असं कुणी विचारलं तर दुसरं नाव मला सुचत नाही.

माझं गाव आटपाडीच्याही पलीकडं, माळावरचं. आम्ही मेंढरंवाले. एका वर्षी रोगानं कळप बसला आणि बाबा म्हणाले, "बिरू, उसाच्या मुलखात जा. तितं निदान पोटाला मिळतंय." आज ते अंतर एसटीनं एका सकाळचं आहे. तेव्हा मला ते परदेश वाटलं होतं. आईनं निघताना घोंगडी दिली. आमच्याच मेंढरांची लोकर, आमच्याच गावच्या सणगरानं विणलेली. कराडजवळ मलकापूरच्या अलीकडं कोयनेकाठी आण्णांचं गुऱ्हाळ होतं, तात्या तिथले गुळवे. तिथं मी चुलवाण्या म्हणून लागलो. चुलवाण्या म्हणजे काहिलीखालच्या, रस आटवायच्या थोरल्या कढईखालच्या, खड्ड्यात बसून चुलाणात पिळलेल्या उसाची चिपाडं सारणारा. मिसरूड नुकतं फुटलेलं, अंगात ताकद होती, पण मन सदा धास्तावलेलं. जाळ विझला तर? जाळ वाढला तर? माझी बोली ऐकून कुणी हसलं तर?

हसले, पण बोलीला नाही. घोंगडीला हसले. तिला मेंढराचा वास यायचा, आणि दहिवरानं दमट झाली की जास्तच. गुऱ्हाळावरची माणसं एकत्र झोपायची. पहिल्याच दिवशी आवाज निघाला, "आलं बगा मेंढरू! ए गड्या, तुझं हातरून तिकडं चिपाडात टाक." मी गुमान उचललं. तर मागून तात्यांचा आवाज आला.

"चिपाडात कशाला? इस्तू लागला तर मरंल त्ये. बिरू, माझ्या सोप्यात ये. माझ्या उशाला टाक."

गुऱ्हाळाला लागूनच त्यांची वस्ती होती. त्या दिवसापासून मी त्यांच्या सोप्यात झोपलो, त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर. एवढ्या जवळ घोंगडी असून तात्यांनी वासाबद्दल कधी नाक मुरडलं नाही. या माणसाचं मन केवढं मोठं, असं मला वाटायचं. गावाकडं निरोप धाडताना मी हेच सांगायचो, की इथं एक देवमाणूस आहे, त्याला आपल्या घोंगडीची घाण वाटत नाही.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बैलांच्या चरकात ऊस पिळायचा, रस काहिलीत घ्यायचा. तापला की रानभेंडीचं चिकट पाणी घालायचं, मग मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. पुढं नुसतं आटवणं. सुरुवातीला वाफेला हिरव्या वैरणीचा वास असतो. मग उकडलेल्या कणसाचा. मग काकवीचा. आणि अगदी शेवटी, पाक होण्याच्या तोंडावर, भाजल्या हरभऱ्यासारखा एक वास येतो. आला आला म्हणेपर्यंत जातो. तो गेला की करपा. त्याच्या आधी काहील उतरवली तर गूळ मऊ पडतो, पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. नंतर उतरवली तर काळा आणि कडवट.

पाकाची गोळी पाण्यात टाकून बघतात, ते खरं. पण गोळी झालेलं सांगते, वास होणारं सांगतो. एवढी थोरली काहील, कड्यांत वासे घालून माणसं उचलेपर्यंत पाक पुढं सरकलेला असतो. म्हणून चांगला गुळव्या नाकावर विसंबून हाक देतो, "उतरा!" हा शब्द गुळव्याशिवाय कुणी बोलायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मालकानं नाही आणि चुलवाण्यानं तर नाहीच. लांबच्या गुऱ्हाळावरची माणसं नुसतं तात्यांची हाक ऐकायला येऊन बसायची. डोळे मिटून काहिलीशी उभे राहायचे, मान जराशी वाकडी, आणि मग ती हाक. निम्म्या शिवारात जायची.

आणि कानावर बिडी. एक कानावर, एक ओठात, बंडल कनवटीला. पेटतं चिपाड उचलायचं, बिडी लावायची, चिपाड परत माझ्या चुलाणात. काकी, म्हणजे तात्यांची बायको, म्हणायची, "बिरबा, तुझ्या चुलाणापरास ह्यांचंच धुराडं जास्ती चालतंय." तात्या म्हणायचे, "त्ये इंजिनाचं त्याल हाय गं. बिगर तेलाचं इंजिन चालतंय व्हय?"

त्यांचा मुलगा जयसिंग दुसऱ्या मोठ्या लढाईवर गेलेला, फौजेच्या दवाखान्यात नोकरीला. लढाईच्या मध्यात एकदा रजेवर आला तेव्हा त्यानं बापासाठी सिगारेटचा गोल डबा आणला. फौजेत जवानाला त्या रेशनातच मिळायच्या. तात्यांनी तो डबा देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवला. सणाला एकेक काढून आण्णांना, पाटलांना द्यायचे. "पोरानं धाडल्यात, सरकारी हायत." आमच्या भागात तेव्हा बापाला चांगलं काही द्यायचं म्हणजे धोतरजोडी नाहीतर तंबाखू. त्यात कुणाला वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही.

लढाई संपली त्या हंगामाची गोष्ट. दिवाळीनंतर चुलाण पेटलं आणि पहिल्याच आठवड्यात दोन आधणं बिघडली. आधण म्हणजे एका काहिलीचा गूळ. एक मऊ पडलं, एक करपलं. मी खाली खड्ड्यात होतो. करपायच्या आधी भाजल्या हरभऱ्याचा वास माझ्या नाकात स्पष्ट आला. मेंढरामागं वाढलेल्या माणसाला नाक असतंच, आजारी मेंढी आम्ही अंधारात वासानं ओळखतो. मी वर बघितलं. तात्या डोळे मिटून उभे होते, मान वाकडी करून. हाक नाही. वास आला आणि निघून गेला. मग हाक आली.

सांगलीच्या पेठेतला एक अडत्या आमचा गूळ घ्यायचा. विचित्र माणूस. गुळाचा खडा गालात धरून अर्धा-अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा आणि जाताना निकाल द्यायचा. त्या दिवशी उठताना म्हणाला, "तात्या, राग मानू नका. ह्यात करपा लागतोय."

तात्या म्हणाले, "ऊसच तसला हाय औंदाचा."

ऊस तसला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णा सज्जन माणूस. त्यांनी चार दिवस जाऊ दिले, मग तात्यांशेजारी बसून हळूच म्हणाले, "तात्या, इस्लामपूरकडचा एक गुळव्या संक्रांतीनंतर येऊन बगतो म्हनतोय. तुमी आता जरा बसून ऱ्हावा. मान तुमचाच हाय."

तात्या "बरं" म्हणाले आणि बिडी पेटवली. काडी तीनदा विझली. वारा नव्हता.

तात्यांना बसवलं तर त्या माणसाचं काय उरतं? हाक हीच त्यांची जिनगानी होती. रीत अशी की मी बोलायचं नाही. पण राख ओढायची लोखंडी आकडी माझ्या हातात असायची. दुसऱ्या दिवशी तो वास आला तशी मी आकडी चुलाणाच्या कडेवर एकदाच आपटली. ठण्. वरून लगेच हाक आली, "उतरा!" गूळ सोन्यासारखा पडला. मग प्रत्येक आधणाला तसंच. ठण्, आणि उतरा. आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. जेवताना तात्या माझ्या ताटात काकवी जरा जास्त वाढायचे, एवढंच.

मार्गशीर्षात जयसिंग नोकरी संपवून घरी आला. ट्रंक खाली ठेवली आणि तात्यांच्या पाया पडला. पडला तो उठेचना. दोन्ही हातांनी पाय धरून तसाच बसला.

"तात्या, पाय एवढं गार कशानं?"

"म्हातारपन, दुसरं काय?"

"दिसभर चुलाणाजवळ हुबं ऱ्हातासा आन पाय गार?" त्यानं बोटं दाबून बघितली. नखं निळसर होती. काकी म्हणाली, "दोन वरसं झाली, रोज तिळाचं त्याल चोळती मी. गरमच हुईत न्हाईत."

जयसिंग उठला. पुढचे दोन दिवस गुऱ्हाळावर येऊन नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मी नदीवर अंघोळीला गेलो तर मागोमाग आला.

"बिरू, उतराच्या आदी ठोका कोन देतंय?"

"राख ओढताना वाजतंय कवा कवा," मी म्हणालो.

"कवा कवा न्हाई. दर टायमाला. मी फौजेत बिगुलावर उठत हुतो गड्या, मला शिकवू नगंस."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यानं तीन वाट्या मांडल्या आणि हसत हसत म्हणाला, "तात्या, फौजेत एक खेळ हाय. डोळं बांदून वास ओळखायचा." तात्यांना मजा वाटली. काकीनं त्यांच्याच पटक्यानं डोळे बांधले. एका वाटीत चांगली काकवी, एकीत करपलेली, एकीत नुसतं कढत पाणी. तात्यांनी तिन्ही वाट्यांचा वास सावकाश, खोल ओढून घेतला. मग तिसरी वाटी वर धरली.

"ही खरी काकवी. आपल्या आधणाची. ह्यो वास काय लपतोय व्हय?"

तात्यांनी पटका वर सरकवला. हातातल्या वाटीत पाणी बघितलं. काकीनं पदर तोंडाशी धरला होता. त्या पाण्याकडंच बघत, मान न वळवता म्हणाले, "बिरू, तू ठोका देतोस त्यो मला ऐकू येतोय रं. कान शाबूत हायत अजून. रोज ठरवतो, आज त्याच्या आदी हाक द्यायची. न्हाई जमत. माझ्या चुलवाण्याच्या ठोक्यावर उतरा म्हनतोय मी."

"कशानं गेलं असंल रं नाक?" काकीनं विचारलं.

"बिडीनं," जयसिंग म्हणाला. "पायबी तिनंच गार पडल्यात."

मग त्यानं समजावून सांगितलं. ते मला आजही तसंच्या तसं आठवतं, कारण एवढ्या सोप्या शब्दांत पुढं कुठल्या डॉक्टरनंही सांगितलं नाही. तंबाखूत निकोटिन नावाचा एक अंश असतो. धूर छातीत गेला की तो रक्तात उतरतो आणि बिडी संपायच्या आत मेंदूला पोचतो. काळीज जोरात धावायला लागतं, हातापायांच्या रक्ताच्या वाटा आवळतात, म्हणून बोटं गार. फौजेच्या दवाखान्यात त्यानं अशी माणसं बघितली होती, की वाटा पार बुजून बोटं काळी पडली, कापावी लागली. डॉक्टर त्यांना एकच औषध सांगायचा, बिडी बंद.

"पर वढली की बरं वाटतंय त्येचं काय?" तात्या म्हणाले.

"त्येच तर सांगतोय. त्यो अंश उतरला की जीव तळमळतो. दुसरी वढली की तळमळ थांबती, आन तुमाला वाटतंय बिडीनं बरं वाटलं. आवं, तळमळ लावलीबी तिनंच की!"

"मग ह्यो निकोटिनच नाक जाळतोय?"

"न्हाई, नाक जाळतो धूर. छातीबी धूरच खातो. निकोटिन म्हंजे दावं. गोठ्यात पुराचं पानी शिरल्यावर जनावर कशानं मरतंय? पान्यानं. पर दावं असतंय म्हनून त्येला हलता येत न्हाई."

कोयनेकाठच्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. तात्या उठले. कनवटीचं बंडल काढलं, कानावरची बिडी काढली, कोनाड्यातल्या डब्यात उरलेल्या दोन सिगारेटी घेतल्या आणि बाहेर जाऊन सगळं चुलाणाच्या राखेत टाकून आले. जयसिंग मान खाली घालून बसला होता. "डबा म्याच आनला हुता," म्हणाला. तात्यांनी त्याच्या डोक्यावर टप्पल मारली. "सरकारी हुता रं. तुजा काय दोस?"

टाकणं सोपं होतं. पुढचे दोन-तीन दिवस मात्र कुणाच्या वैऱ्यावर येऊ नयेत. हात थरथरायचे, झोप नाही, भूक राक्षसासारखी. बैलांवर ओरडले, उसावर ओरडले, माझ्या जाळावर ओरडले. खोकला उलट वाढला. काकी घाबरली, म्हणाली, "वढू दे बाबा त्येस्नी एक, जीव जाईल." जयसिंग म्हणाला, "आये, धुराडं साफ हुतंय. हुं दे." तळमळ कशी येते तेही त्यानं सांगितलं होतं. लाटेसारखी येते, माथ्यावर चढते आणि आपली आपण ओसरते. तेवढा वेळ फक्त काढायचा. म्हणून त्यानं बापाला काम दिलं, तळमळ आली की चरकाच्या बैलांमागं एक फेरी मारायची. मग काय, एवढा नावाजलेला गुळव्या दिवसभर बैलांमागं गोल गोल फिरताना दिसायला लागला.

"तात्या, बैलं सोडून तुमालाच जुपू का?" ऊस सारणारे विचारायचे.

"जुपा, पर वैरन चांगली घाला!"

आठवड्याभरात तात्या एकदम शांत झाले. आम्हाला आनंद झाला. मला जरा शंकाच आली, पण मला कशाचीही शंका येते, म्हणून गप्प बसलो. मग एका सकाळी काकीचा आवाज चढला. "माझी मिसरी कोन खातंय? परवा भाजून ठेवली, डबी रिकामी!"

मिसरी म्हणजे तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखूची पूड. आमच्या भागातल्या बाया तीच दाताला लावतात. जयसिंगनं बापाच्या पायाला हात लावला. गारच. मग म्हणाला, "तात्या, आ करा."

दात काळे कुळकुळीत.

"दात घासतोय मी," तात्या म्हणाले. "मिसरी काय येसन हाय व्हय?"

"न्हाईच मुळी!" काकी एवढा वेळ भांडत होती ती आता नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली. "दातासाटी असती ती. माझ्या आयनं लावली, आजीनं लावली."

"आये, दिसातनं सा-सा येळा दात कोन घासतंय? आन एक दीस न्हाई लावली तर तुझं डोस्कं का ठनकतंय? तंबाकूच हाय ती. धूर गेला म्हनून दावं सुटलं न्हाई."

एवढ्या सगळ्यांनी तंबाखूला नावं ठेवली, पण मिसरी म्हणजे तंबाखू हे त्या घरात त्या दिवसापर्यंत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मलाही नाही, माझी आईही लावायची. काकीनं रिकामी डबी एकदा उलटी करून बघितली. मग डबीच चुलीत टाकली आणि म्हणाली, "दोगं एकाच दाव्याला हाय म्हना की. मग सुटायचं तर दोगं सुटू. ह्यांच्या हाताशी डबी ऱ्हायली तर ह्ये काय जगत्यात?"

तात्यांचा राग बैलांनी सोसला होता, काकीचा आम्ही सोसला. भाकरी कधी कच्ची, कधी ढब्बू, आणि बोलायची सोय नाही. दोघं नवरा-बायको संध्याकाळी चरकाभोवती फेऱ्या मारायची, तेव्हा बैल सोडलेले असायचे. तो देखावा आठवला की अजून हसू येतं.

माझा ठोका चालूच होता. संक्रांत झाली. इस्लामपूरचा गुळव्या उद्या येणार, असा निरोप आण्णांनी दिला.

तो यायच्या दिवशी सकाळी तात्या मला उठवायला वाकले आणि तसेच थांबले. नाक फुलवून दोनदा हुंगलं.

"कशाचा वास येतोय रं?"

मी उठून बसलो. घोंगडी दहिवरानं दमट झाली होती. उत्तराची वाट न बघता ते काहिलीकडं गेले. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. तात्यांचं नाक परत आलं होतं. आणि इतकी वर्षं त्यांना घोंगडीची घाण वाटत नव्हती ती मन मोठं म्हणून नव्हे, तर वास येतच नव्हता म्हणून; मंदावत चाललेल्या नाकाला पाकाच्या वाफेचा दाट वास तेवढा त्या हंगामापर्यंत पोचत होता. आता येणार. मी घोंगडीची गुंडाळी केली आणि चिपाडाच्या ढिगामागं नेऊन टाकली.

पाहुणा गुळव्या आला. नम्र माणूस, तात्यांच्या पाया पडला, बाजूला बसला. आण्णा होते, जयसिंग होता, काकी दारात. काहील चढली. मी खड्ड्यात. हिरवी वैरण गेली, कणीस गेलं, काकवीचा वास दाटला. आकडी माझ्या हातात होती. ठोका दिला तर आजचा दिवस निभावेल, पण तात्यांचं नाक पुन्हा त्यांचं होणार नाही. नाही दिला आणि तात्या चुकले तर सगळं संपलं. सकाळी दोनदा हुंगलेलं ते नाक मला आठवलं. मी आकडी खाली मातीत ठेवली आणि तिच्यावर पाय ठेवला, हात चुकून जाऊ नये म्हणून.

भाजल्या हरभऱ्याचा वास आला. का अजून यायचाच होता? मी अजून त्याच विचारात होतो, तेवढ्यात वरून हाक आली.

"बिरू, जाळ थांबीव! उतरा!"

माझ्या नाकाच्याही आधी. माणसांनी वासे उचलले, काहील डुलत पाक निववायच्या वाफ्याकडं गेली, सोन्यासारखा पाक पसरला. गूळ थिजल्यावर पाहुण्या गुळव्यानं खडा उचलला, पण तोंडात घालायच्या आधी हुंगला. आण्णांकडं वळून म्हणाला, "आण्णा, हितं मी काय करू? ह्येंच्याकडं शिकायला ठेवून घेत असशिला तर ऱ्हातो." अडत्यानं पुढं तो गूळ गालात धरून इतक्या गप्पा मारल्या, की निकाल द्यायचाच विसरला.

गेलेलं सगळं परत आलं असं नाही, तसं लिहिलं तर खोटं होईल. तात्यांचा खोकला पुष्कळ कमी झाला पण गेला नाही, आणि थंडीत पायांना तिळाचं तेल लागायचंच. मात्र बोटं काळी पडली नाहीत आणि ते पुढं पुष्कळ हंगाम काहिलीशी उभे राहिले. अगोदर सोडली असती तर, ही रुखरुख त्यांनाही होती, मलाही आहे. आज साखर कारखान्याच्या दारात उभी राहून सिगारेट ओढणारी पोरं मला सांगतात, "आबा, आता काय सोडून उपयोग?" त्यांना मी तात्यांचं नाक सांगतो. सोडलेल्या दिवसापासून शरीर दुरुस्तीला लागतं, ते आपली वाट बघतच असतं. चुकून पुन्हा ओढली गेली तर सगळं गेलं समजू नका, पुन्हा सोडा. आणि एकट्यानं सोडू नका. दवाखान्यात जा, घरात सांगा. चरकाभोवती फिरायला कुणीतरी सोबत लागतं.

पाहुणा गुळव्या आला त्या दिवशी मावळतीच्या सुमारास मी चिपाडामागची घोंगडी काढली आणि गुऱ्हाळाच्या पार पलीकडच्या टोकाला अंथरायला निघालो. तात्या सोप्यात बसले होते.

"बिरू, कुठं चाललास?"

"तिकडं झोपतो म्हनलं आजपास्नं."

"का रं?"

मी घोंगडी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणालो, "तात्या, वास येतोय घोंगडीला."

"येतोय की. सकाळीच आला. लय येतोय." त्यांनी हात पुढं केला. घोंगडी माझ्या हातातून घेतली, नाकाशी धरली आणि काहिलीशी उभे राहायचे तसे डोळे मिटून, मान वाकडी करून उभे राहिले. मला वाटलं आता हाक देतात की काय.

"ह्ये तुझ्या गावचं व्हय," ते म्हणाले. "इतकी वरसं माझ्या उशाला हुतं, आन मला कळलंच न्हाई."

आणि वाकून त्यांनी आपल्या हातानं ती घोंगडी अंथरली. जुन्याच जागी, स्वतःच्या उशाला.